लाज चपलांजवळ ठेवायची

डॉक्टर इंगळेबाई कागलच्या भर बाजारात, भाजीच्या पाट्यांवरून ओरडून विचारायच्या, "काय गं, लघवीला जळजळतंय का?" पोटुशी बाई दिसली की त्यांना राहवायचंच नाही. एकदा माझ्या सासऱ्यांच्या देखत त्यांनी मला हे विचारलं. मामंजींनी इतक्या घाईनं तोंड फिरवलं की पिशवीतली वांगी रस्ताभर झाली. आता बाई दवाखाना बंद करून लेकीकडे बेळगावला गेल्या आहेत. तिथल्या बाजारात काय चाललं असेल, देव जाणे!

दवाखान्यातही तोच आवाज. ताप, जळजळ, अंगावरून जाणं, सगळं मोठ्यानं विचारायचं आणि दर खेपेला लघवी तपासायची. "लाज भाईर चपलांजवळ काढून ठेवायची. आईचा जंतुसंसर्ग बाळाला गाठतो. पोटातल्या पोराला हाक मारता येत न्हाय, म्हणून मी वरडतो!" असं म्हणून त्या स्वतःच खदाखदा हसायच्या. मला त्या भारी आवडायच्या. पण आमच्या घरात धास्ती होतीच. थोरल्या जाऊबाईंचं पहिलं बाळ जंतुसंसर्गानं आठवडाभरही जगलं नव्हतं. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापासून अंगावरून पाणी जात होतं आणि त्यांनी लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं.

नववा लागल्यावर माझं डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, फुलांचा झोपाळा, आणि पाहुण्या म्हणून इंगळेबाई. गाणी ऐन रंगात आली होती. मी मात्र चुळबुळत होते, कारण साडी सारखी ओली लागत होती. बाईंनी गाणं मध्येच तोडलं.

"पाणी जातंय का गं?"

"न्हाय ओ बाई. गजरे भिजवून ठेवलेले, त्यांचं हाय," मी म्हणाले.

"गजरा डोक्यात आणि पाणी खाली? ऊठ!"

"आवं, ओटी भरायची राहिलीया की!" सासूबाई कळवळल्या.

"टेम्पोत भरा!"

दारात आमचा दुधाचा टेम्पो उभा होता. कॅनांच्या मध्ये फुलांचा मुकुट घातलेली मी, समोर ओटीचं ताट सांभाळणाऱ्या सासूबाई. प्रत्येक खड्ड्याला नारळ उडायचा आणि बाई तो झेलायच्या. जाऊबाईंनी माझा हात सोडला नाही. मी हसत होते आणि भीतीनं रडतही होते. बाळ वाचेल ना, एवढंच मनात होतं.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी मुलगी झाली. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, काही दिवस नजरेखाली ठेवलं. घरी सोडायच्या दिवशी बाईंनी व्हरांड्यातच आरोळी ठोकली, "ताप न्हाय, दूध झकास वढतीया, न्या आता पोरीला!" सासूबाईंनी आनंदानं नर्सलाच मिठी मारली.

जाऊबाईंनी पोरीला छातीशी घेतलं. मग बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "बाई, मलाबी दिवस गेल्यात. भ्यानं कुणाला सांगितलं न्हाय."

बाईंचे डोळे भरले. त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं, जाऊबाईंचा हात धरला आणि त्यांना तपासायच्या खोलीत नेलं. आत जाऊबाई बोलायला लागल्या, आणि कितीतरी वेळ बोलतच होत्या.