पोरीच्या अंगावरच्या गांध्या

बडेजावाची थट्टा करणं हा माझा जुना उद्योग. सत्काराच्या शाली, कोनशिलेवरची नावं, दाराशी गणवेशातला माणूस ठेवणारे बंगले, सगळ्यांवर माझं लिहून झालंय. त्यामुळे राजूरचा लॉज सोडून जालन्याच्या हॉटेलात जायची बुद्धी घरात फक्त मला झाली होती, हे कबूल करायला जरा वेळ लागला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून निघायच्या आधीच गावी, धावड्याला, घराचे पत्रे उतरवले गेले होते. स्लॅबचं काम चालू होतं. घरात राहायची सोय नव्हती, म्हणून थोरल्या भावानं फोनवर जाहीर केलं, "यंदा आपण समदे फिरायला जाऊ. राजूरला दोन रूम घेऊन राह्यलो मी. एक दिवस गणपती, एक दिवस लेण्या, एक दिवस रेणुकाई." कापसाची वेचणी ऐन भरात होती. लग्न आणि तेरावं सोडून दादा कधी तीन दिवस शेताबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही.

लॉजच्या खाली सरकी-पेंडीचं दुकान आणि वर सहा खोल्या. पाटीवर 'डिलक्स' लिहिलेलं होतं. खोलीत गेल्यावर कळलं की पडद्यांना झालर आहे. चादर स्वच्छ होती, तिच्यावर एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन मोर होते. संडासात नवाकोरा कमोड. त्याच्या टाकीला पाणी येत नव्हतं, बादली ओतावी लागे. "टाकी शोभेला ठेवलीय," मी बायकोला म्हणालो आणि आपल्याच विनोदावर हसलो.

पहाटे देवळाचा भोंगा सुरू झाला. मी कूस बदलत राहिलो. माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी गाढ झोपली होती. उठल्यावर ती चुलतबहिणीबरोबर गच्चीत गेली, ती जेवायलाच खाली आली. दुपारपर्यंत मी फोनवर जालन्यातलं एक हॉटेल शोधून खोली ठरवूनही टाकली. एकच खोली, आमच्यापुरती.

"दोनच रात्री राहिल्यात," बायको म्हणाली. "दादांनी किती हौसेनं ठरवलंय."

"पोरीला त्रास होतोय."

"पोरीला? तुम्हाला नको झालंय, तर तसं सांगा त्यांना."

तसं सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. गावचा पोरगा शहरात जाऊन नाजूक झाला, ही थट्टा मी इतरांची करत आलो होतो. दादा खाली पेंडीच्या पोत्यावर बसून चहा पीत होता, वहिनी बाजूला उभ्या होत्या. मी म्हणालो, "दादा, पोरीला डास फार चावले रे. अंगभर गांध्या उठल्यात. रात्रभर डोळा लागला नाही तिचा."

दादानं कप खाली ठेवला. "मंग जल्दी सांगायचं न! डॉक्टर हाय इथं, चल, दाखवून आणू."

"नको, नको. एसीत झोपली की बसतील. जालन्याला एक हॉटेल बघितलंय."

वहिनी म्हणाल्या, "मंग आपलं बी सामान भरू का?"

"आपण कशाला?" दादा हसला. "आपल्याला काय डास नवे हायेत का? आपल्या डासायची न् आपली सोयरीक हाय जुनी."

"तुम्ही पण चला ना," मी म्हणालो. पायात चपला घालून उभ्या असलेल्या पाहुण्याला "जेवून जा" म्हणतात, त्या सुरात.

किल्ली द्यायला गेलो तर लॉजचे शेठ गल्ल्यावर होते. तीन-चार पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं. ते उठून उभे राहिले.

"साहेब, कमोड बराबर न्हाई बसला का?"

मला कळलं नाही.

"तुमच्या भावानं बसवून घेतला न. म्हणे, माझ्या भावाचं गुडघ्याचं आपरेशन झालेलं, त्याला खाली बसता येत न्हाई. कारागीर बी त्यानंच आणल्ता. दोन दिवस सोता उभा राहून काम करून घेतलं. टाकीचा पाइप तेवढा राह्यला. उद्या जोडतोच मी, बिलकुल. एक रोज थांबा."

गुडघ्याचं मी वर्षापूर्वी कधीतरी फोनवर बोललो होतो. मी मागे वळून पाहिलं. दादा आमची बॅग गाडीत ठेवत होता. "जाऊ द्या शेठ, पोरीला त्रास हाय," तो तिथूनच म्हणाला.

थांबतो, एवढंच म्हणायचं होतं. पण थांबलो असतो तर गांध्यांचं काय, हा प्रश्न होता. खोटं बोलून झालं की त्याची अब्रूही आपल्यालाच सांभाळावी लागते. मी गाडीत बसलो.

जालन्याच्या हॉटेलात फेटेवाल्यानं दार उघडलं. टाकीला पाणी होतं. मुलीनं पलंगावर बसून दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "बाबा, मला कुठं चावलेत डास?" बायको बॅगेतले कपडे काढत होती, ती थांबली नाही. मी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी लेण्यांचं ठरलं होतं, ते दादानंच फोन करून रद्द केलं. "पोरीला आराम दे," म्हणाला. तिसऱ्या दिवशी आम्ही पिंपळगाव रेणुकाईला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दोघी जावांनी मिळून ओटी भरायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून दादा-वहिनी सकाळपासून उपाशी थांबले होते. मी उशिराबद्दल काहीतरी पुटपुटलो. दादा सरळ मुलीकडे गेला.

"गांध्या बसल्या का ग बाई?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या कळसाकडे बघत होतो.

"हो, मोठे बाबा," ती म्हणाली. "आता फक्त हातावर आहेत थोड्या."

इतक्या सफाईनं ती आधी कधी खोटं बोलली नव्हती.

दादानं खिशातून मलमाची नळी काढली, भोकरदनहून येताना घेतलेली. तिचा हात उजेडाकडे वळवून त्यानं मनगटापासून कोपरापर्यंत नीट पाहिला. त्यावर काही नव्हतं. मग त्यानं बोटावर मलम घेतलं आणि तिच्या हाताला लावू लागला, हळूहळू, सगळीकडे. मुलीनं हात हलवला नाही. त्याचं लावून होईस्तोवर मी तिथंच उभा होतो.