पाठमोरे मणी अण्णा

रोज चारच ओळी लिहायच्या, असं ठरवून मी वीस वर्षांपूर्वी पहिली वही आणली. आमच्या गुढियारी वस्तीच्या मंडळींनी चार ओळींत काही मावू दिलं तर शपथ! यंदा तर एका सिनेमानं अख्खी वही खाल्ली.

सिनेमा म्हणजे जुना, काळापांढरा तमिळ हेरपट. पाहणारे आम्ही पाच जण. मी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली. मालगाडीचे गार्ड मेश्राम भाऊ. शाळेतून रिटायर झालेल्या ढोक काकू. आणि शेजारचे मणी अण्णा, नात कावेरीसकट.

अण्णा मूळचे मद्रासकडचे. तरुणपणी तिथल्या एका छोट्या स्टेशनवर ते झेंडी दाखवायच्या कामावर होते. तिथं या सिनेमाचं शूटिंग झालं आणि त्यात आपण आहोत, हे ते पन्नास वर्षं सांगत आलेत. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना ‘हीरो’ म्हणतो. चिडवायलाच!

कावेरीला तो सिनेमा इंटरनेटवर सापडला आणि मेश्राम भाऊंनी पैज लावली. "अण्णा, तुम्ही दिसले तर पाऱ्याले पेढे माझ्याकडून. नाही दिसले तर ही गोष्ट पुन्हा काढायची नाही. कबूल?"

अण्णा म्हणाले, "हव."

कावेरी आजोबांना ताता म्हणते. ती हळूच माझ्या कानाशी आली. "आंटी, नहीं दिखे तो ताता फिर बात क्या करेंगे?"

*

अण्णांच्याच टीव्हीवर, दोन रविवारी अर्धा अर्धा सिनेमा पाहायचं ठरलं. सिनेमाला खाली अक्षरं नव्हती. दुभाषी म्हणून अण्णाच. पडद्यावर एक बाई रडत रडत हीरोला काहीतरी सांगत होती. थांबेचना.

"अण्णा, काय म्हणून राहिली ती?" काकूंनी विचारलं.

"मले काय विचारता? हे तर घर आहे. स्टेशन येऊ द्या!"

स्टेशन आलं की अण्णा उठून टीव्हीला नाक लावायचे. "हे नाही. आमचा नळ डावीकडे होता."

पहिला रविवार संपला. कोण कुणाचा हेर, ते आम्हाला कळलं नव्हतं. पण तीन स्टेशनांवरचे नळ पाठ झाले होते!

*

मग खलनायकाचा अड्डा आला. भिंतभर दिवे, भिंतभर बटणं. आम्ही श्वास रोखून बसलो. मेश्राम भाऊ मात्र उसळले.

"अरे, सगळे दिवे लाल, अन् हा मोटार आत घेऊन राहिला! काहून? सिग्नल केबिनमध्ये कोणी आहे का नाही?"

तेवढ्यात खलनायकानं चुकीचं बटण दाबलं आणि अर्धा अड्डा उडाला. भाऊ समाधानानं मागे टेकले.

"सस्पेंड!"

*

फितूर कोण, हे सिनेमात शेवटाकडे उघड होतं. ढोक काकूंना दहाव्या मिनिटाला कळलं! भाषेचं एक अक्षर समजत नसताना!

"तो चष्मेवाला. पाहा, घडीघडी खिशाले हात लावून राहिला. छत्तीस वर्षं परीक्षेत पहारा केला मी. कॉपीवाला पोट्टा असाच बसते."

दुसऱ्या रविवारी चष्मेवाला पकडला गेला. कागद त्याच खिशातून निघाला. काकूंनी नुसता पदर सावरला.

*

आणि मग ते स्टेशन आलं. नळ डावीकडे!

कागदपत्रं छातीशी धरून हीरो पळत आला, चालत्या गाडीत उडी मारली. फलाटावरची सगळी माणसं त्याच्याकडे वळून पाहतात. एक जण मात्र झेंडी धरून आमच्याकडे पाठ करून उभा. दोन-तीन सेकंद. संपलं.

"हाच मी!" अण्णा ओरडले.

कावेरीच हळूच म्हणाली, "ताता, पीठ तो किसी की भी हो सकती है."

मेश्राम भाऊंनी मान खाली घातली. पैज जिंकायची हौस त्यांनाही उरली नव्हती.

"चेहरा कसा दिसन?" अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. "डायरेक्टर सांगून राहिला, हीरोकडे पाहा. मी गाडीकडे पाहत होतो. शेवटच्या डब्यामागे लाल पाटीच नव्हती!"

भाऊंनी झटकन मान वर केली. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे खुणेची पाटी असते. ती दिसली नाही, तर मागचे डबे तुटून वाटेत राहिले असं धरून चालायचं, हा रेल्वेचा नियम.

"कावेरी, मागे घे. हळू."

शेवटचा डबा पडद्यावरून सरकताना तिनं चित्र थांबवलं. डब्याची पाठ कोरी. पाटी नव्हती!

मेश्राम भाऊ उभेच राहिले. "सारे हीरोले पाहून राहिले, अन् हा एकटा शेवटचा डबा पाहते. हा ॲक्टर नव्हेच. हा आपला माणूस!"

त्याच संध्याकाळी सदर बाजारातून पेढे आले. ते थांबवलेलं चित्र मोबाइलवर घेऊन कावेरी दारोदार फिरली. "ये देखिए. पीठवाले मेरे ताता हैं!" पाऱ्यानं त्या दिवशीही त्यांना ‘हीरो’ म्हटलं. चिडवायला नाही!

*

पेढे खाता खाता काकूंना प्रश्न पडला. "अण्णा, पाटी नव्हती, मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? मास्तरले सांगितलं. मास्तरनं पुढच्या स्टेशनले फोन लावला. गाडी तिथंच अडवून ठेवली."

"अन् हीरो?"

अण्णांनी दुसरा पेढा उचलला.

"तो आतच होता!"