रत्नम्माचं एकेरी नाव

काशम्मा इंग्रजीला भ्यायची, असं कुणी समजू नये. भिणारी बाईच नव्हे ती. बोळातल्या एका घरात गॅसनं पेट घेतला तेव्हा बाप्ये माणसं बनियनवर रस्त्यात पळाली होती, आणि ही भिजवलेलं पोतं घेऊन आत शिरली होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आजही कुणालाही विचारा. पण अशा बाईला इंग्रजीनं दोनदा आडवी पाडली, हेही तितकंच खरं.

ती अंगणवाडीत मदतनीस. म्हणजे खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, पोरांची नाकं पुसायची, आणि सेविकाबाई मीटिंगला गेल्या की वर्गसुद्धा हिनंच सांभाळायचा. गाणी हिची, गोष्टी हिच्या, पोरं हिच्याच पदराला लोंबकळलेली. पण पोरांना सोडायला येणाऱ्या आया सेविकाबाईंना म्हणायच्या, "मॅडम, जरा ऐका की." आणि हिला, "ए काशम्मा, ह्याचा डबा बघ गं." काल लग्न होऊन आलेली पोरगीसुद्धा 'ए'च म्हणायची. काशम्मा हसून डबा घ्यायची. आत कुसळ टोचल्यासारखं व्हायचं, पण ते सांगायचं कुणाला?

त्या सेविकाबाई आता उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. सुपरवायझर बाईंनी काशम्माला स्पष्ट सांगितलं होतं, "बारावी पास हो, ही जागा तुझी. नाही झालीस तर बाहेरची कुणी येईल, मग मला काही करता यायचं नाही." काशम्माची नुसती दहावी झालेली. सतरा नंबरचा अर्ज भरून ती बाहेरून बारावीला बसली. सगळे विषय सुटले, इंग्रजीत गचकली. जुलैत परत बसली, परत गचकली. आता फेब्रुवारीची परीक्षा तेवढी राहिली होती. ती गेली की संपलं. नवी कुणीतरी मॅडम यायची आणि काशम्मा तिच्या हाताखाली पुन्हा नाकं पुसत बसायची.

"बास की आता," नवरा मृत्युंजय म्हणाला. तो टेम्पो चालवायचा. "दोनदा झालं. लोक हसायलेत."

"हसू द्या. दात त्यांचे, मला काय त्रास?" काशम्मा म्हणाली आणि समोरच्या घरातल्या सोनमकडे शिकायला जाऊन बसली.

सोनम कॉलेजात जाणारी पोर, हुशार आणि तोंडाळ. तिनं पहिल्याच दिवशी दुखणं शोधून काढलं. नियम काशम्माला पाठ होता. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची: माणूस एकटं असलं तर 'इज', जास्त असले तर 'आर', एकटं असलं तर क्रियापदाच्या शेपटाला 'एस' लावायचा. सगळं पाठ. आणि लिहायला बसली की 'माय मदर-इन-लॉ आर कुकिंग', 'टीचर आर कमिंग', 'सुपरवायझर आर अँग्री'. सोनम लाल पेनानं गोल करून करून दमली.

"काकू, तुम्हाला सासवा किती?"

"एकच की. तेवढी पुरे झाली."

"मग 'आर' कुठून आलं?"

"अगं, मोठं माणूस हाय ते. अत्ती येतात म्हणतो की आपण. अत्ती येती, असं म्हणलं तर जीभ झडेल माझी." सासूला ती कानडी रीतीनं अत्ती म्हणायची.

"इंग्रजीत असला मान नसतो, काकू. राजा असला तरी 'इज'."

"हात मेल्यांचा!" काशम्मा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं, त्या लोकांबद्दल.

मग सोनमनं उपाय सांगितला. मान काढून टाकायचा. दिवसभर डोळ्यांसमोर असणारं एकच माणूस धरायचं, त्याचं नुसतं नाव घ्यायचं, आणि ते जे जे करेल ते इंग्रजीत म्हणत सुटायचं. जिभेला वळण लागेपर्यंत.

काशम्मानं घरी येऊन विचार केला. नवऱ्याला धरावं तर तो चहा पितो, जातो, येतो, झोपतो. चार क्रियापदांत गडी खलास. पण सासू? रत्नम्मा पहाटे उठायची ती दिवे लागेपर्यंत बूड टेकायची नाही. झाडायची, निवडायची, कांडायची, वाळवायची, भांडायची. क्रियापदांची खाणच! झालं, काशम्मानं सासूला धरलं.

सुरुवातीला ती पुटपुटायची. मग भाकरी थापताना तालात यायला लागलं. "रत्नम्मा स्वीप्स!" थाप. "रत्नम्मा ग्राइंड्स!" थाप. "रत्नम्मा शाउट्स!" ही थाप जरा जोरात. जीभ हळूहळू ऐकायला लागली. सोनमच्या लाल गोलांची संख्या कमी होत चालली, आणि काशम्मा अशी खूश की आवाजाचं भान सुटलं.

आता इथं रत्नम्माची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढं काय झालं. रत्नम्मा जुन्या वळणाची बाई. तिच्या सासूचं नाव मल्लव्वा. सासूचं नाव तोंडात यायचं नाही, म्हणून तिनं लग्न झाल्यापासून मोगऱ्याला 'मल्लिगे' हा साधा कानडी शब्दसुद्धा वापरला नव्हता. 'पांढरं फूल' म्हणायची. सासू जाऊन जमाना लोटला, तरी बाजारात आजही 'पांढरं फूल दे' म्हणते आणि फूलवाली तिला बरोबर मोगरा देते. अशा बाईची सून चुलीपुढं बसून तिच्या नावाचा नुसता धडाका लावते!

रत्नम्माला कानानं जरा कमी ऐकू यायचं, म्हणून आठवडाभर निभावलं. पण शेजारच्या धनलक्ष्मीचे कान शाबूत होते.

"रत्नक्का, तुझी सून सकाळपासून तुझं नाव घेऊन काय म्हणायलालीय गं? 'रत्नम्मा, रत्नम्मा' करून एकेक थाप मारते बघ भाकरीवर. शिव्या देते का काय?"

रत्नम्मा पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आत काशम्मा रंगात आलेली. "रत्नम्मा ईट्स! रत्नम्मा स्लीप्स!"

"अय्यो शिवा!" रत्नम्मा ओरडली. काशम्माच्या हातातली भाकरी परातीत पडली. "अव्वा न्हाय, अत्ती न्हाय, नुसती रत्नम्मा? मी काय तुझी मोलकरीण हाय का गं?"

"अत्ती, ते इंग्रजी हाय, अभ्यास..."

"कसला अभ्यास? सासूला एकेरीवर आणायचा?"

काशम्मानं समजावलं, पाया पडली, सोनमला बोलावलं. पालथ्या घड्यावर पाणी. रत्नम्मानं दुपारचं ताट सरकवलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि लेकीकडं, श्रीदेवीकडं, अक्कलकोटला निघून गेली.

घराची घडीच विस्कटली. रत्नम्मा होती म्हणून अंगणवाडीतून आल्यावर काशम्माला अभ्यासाला दुपार मिळायची. आता धुणं, भांडी, दळण, सगळं तिच्याच गळ्यात. मृत्युंजय म्हणाला, "सोड ते इंग्रजी आणि आईला घेऊन ये." सोनम म्हणाली, "दुसरं कुणाचं तरी नाव घ्या." काशम्मानं तेही करून पाहिलं. बोळातलं कुत्रं धरलं, ते नुसतं झोपायचं. धनलक्ष्मीला धरलं, तर तिचं नाव घेताना दातओठच खाल्ले जायचे. कशातच जीव लागेना. आणि खरं सांगायचं तर तिला सासूची आठवण यायची. भांडायला घरात माणूस नसलं की घर खायला उठतं.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली, परीक्षा तोंडावर आली. रविवारी काशम्मानं अक्कलकोटची एसटी धरली.

रत्नम्मा लेकीच्या कट्ट्यावर तूर पाखडत होती. सुनेला पाहिलं आणि तिनं सूप जास्तच जोरात आपटायला सुरुवात केली. काशम्मा समोर खाली बसली.

"अत्ती, तुमचं मन दुखवलं. चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं."

सूप थांबलं.

"पण एक सांगते. नाव घेणं मी सोडणार न्हाय."

श्रीदेवी आतून धावत आली. "वहिनी! माफी मागायला आलीस का भांडायला?"

"दोन्हीला," काशम्मा म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "अत्ती, तुमचं नाव मी घरातल्या घरात एकेरी घेतलं तर तुमी गाव सोडलं. आणि मला? सगळी पेठ मला 'ए काशम्मा' म्हणती. काल लग्न होऊन आलेल्या पोरी म्हणतात. मी ज्या पोरांचं हगलं-मुतलं काढलं, ती मोठी होऊन मला 'ए' म्हणतात. मी कुटं जाऊ रुसून? मला एकदा, फक्त एकदा, लोकांनी 'अहो काशम्मा' म्हणलेलं ऐकायचंय. त्यासाठी ही परीक्षा पाहिजे. आणि त्या परीक्षेसाठी तुमचं नाव पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या नावानं माझी जीभ वळत न्हाय, काय करू?"

रत्नम्मा तुरीतले खडे वेचत राहिली. आजवर सुनेला लोक काय म्हणून हाक मारतात, याकडं तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. तीसुद्धा तशीच हाक मारायची. तिला ते आत लागलं.

"म्हणून दाखव," ती शेवटी म्हणाली.

"आत्ता?"

"व्हय, आत्ता. माझं नाव घेऊन काय काय म्हणतीस ते मला कळू दे की. एकेक म्हण आणि त्याचा अर्थ सांग."

काशम्मा घाबरतच बोलली. रत्नम्मा झाडते. रत्नम्मा शेंगांची चटणी कांडते. रत्नम्मा पापड वाळवते. रत्नम्मा मान डोलवत होती, जणू कुणी तिची कैफियत कोर्टात मांडत होतं. "रत्नम्मा दुपारी झोपते," काशम्मा म्हणाली आणि मान थांबली.

"खोटं! मी कुटं झोपते? पडते जरा. पाठ टेकते."

"बरं, पाठ टेकतात. आणि... रत्नम्मा ओरडते."

"आणि ते ओरडते म्हणलीस ते? मी ओरडते व्हय गं?" रत्नम्मा ओरडली.

श्रीदेवी आधी हसली, मग काशम्मा, आणि शेवटी रत्नम्मालाही तोंडावर पदर धरावा लागला. संध्याकाळच्या एसटीनं दोघी सोलापूरला परत आल्या. तिकीट रत्नम्मानं काढलं, आणि सुनेला खिडकीची जागा दिली.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते बोळानं आधी कधी ऐकलं नव्हतं. रत्नम्मा हात धुऊन सुनेच्या मागं लागली. भांडी घासायला बसली की हाक, "काशम्मा, मी भांडी घासायलालेय, म्हण!" गिरणीत निघाली की उंबऱ्यावर उभी, "मी दळायला चाललेय, म्हण, मग जाते!" काशम्मानं म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. इंग्रजीचा गंध नव्हता, पण सुनेच्या तोंडाकडं टक लावून बघायची, आणि शेपटाला 'एस'चा फुसकारा आला नाही की तिला बरोबर कळायचं. "फुस्स कुटं गेलं? परत म्हण!" धनलक्ष्मी दारात येऊन कपाळावर हात मारायची. "येडी झाली म्हातारी." रत्नम्मा तिला ऐकू आलंच नाही असं दाखवायची.

परीक्षेला काशम्मा गेली. पेपर कसा गेला विचारल्यावर "लिहून आले सगळं" एवढंच म्हणाली. रत्नम्मानंही जास्त खोदलं नाही. पुढचे महिने दोघींचा जीव टांगणीला लागला, पण एकमेकींना दाखवायचं नाही असं दोघींनी मनाशी ठरवलं होतं.

निकाल लागला त्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. सोनम मोबाईल हातात धरून अनवाणीच पळत आली.

"इंग्रजी?" रत्नम्मानं तिला दारातच अडवलं. बाकीचं तिला घेणंदेणं नव्हतं.

"सुटल्या! काठावर, पण सुटल्या काकू!"

काशम्मा आत पीठ चाळत होती. ती चाळतच राहिली.

गलका ऐकून धनलक्ष्मी तिच्या ओट्यावर आली, तिच्या मागं आणखी दोघी-तिघी आल्या. "ए काशम्मा!" तिनं हाक मारली. "काय झालं गं? पास झालीस का?"

रत्नम्मा डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर आली.

"'ए' कुणाला म्हणायलालीस, धनलक्ष्मी?"

"अगं, तुझ्या सुनेला..."

"काशम्मा मॅडम म्हणायचं. आणि झालीस न्हाय. पास झाल्यात त्या."

धनलक्ष्मीनं आधी हसण्यावारी न्यायचं बघितलं, पण रत्नम्माचा चेहरा पाहून तिनं शहाण्यासारखी मान हलवली. "बरं, काशम्मा मॅडम. अहो मॅडम, पेढे द्या की."

आत काशम्मानं ते ऐकलं आणि ती चाळणीसकट भिंतीला टेकून खाली बसली. दोनदा नापास होऊन न रडलेली बाई ढसाढसा रडायला लागली. रत्नम्मा आत आली, सुनेजवळ गुडघे दुमडून बसली आणि पिठाचे हात आपल्या पदरानं पुसायला लागली. तिचेही डोळे भरले होते.

"रडायचं नंतर," ती म्हणाली. "त्या जागेचा अर्ज कधी द्यायचा?"

"उद्या देईन, अत्ती."

"उद्या कशाला? हापिस आज उघडं हाय की. तोंड धू. मीबी येते."