चारशेचा रोल आणि काकांची पेन्सिल

"चारशेचा रोल काहून घेऊन चालला? फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसन!"

मधुकाका गल्ल्यावरूनच ओरडले. सीताबर्डीतला स्टुडिओ त्यायचा, मी तिथला फोटोग्राफर. एका साप्ताहिकाच्या संपादकानं कव्हरसाठी फोटो मागतला होता, थंडीतल्या इतवारी बाजाराचा, पहाटेचा. आवडला तर दर आठवड्याले काम. नाहीतर जन्मभर नवरदेवाची हनुवटी वर कर, खाली कर.

ब्लॅक अँड व्हाइट रोलच्या डब्ब्यावर आकडा असते. आकडा मोठा, तर कमी उजेडात फोटो निघते, पण दाणे दिसतात. सव्वाशेचा रोल एकदम साफ, पण धुक्यात माणूस जरासा हलला की त्याचं भूत होते.

"काका, लग्नात दाणा वाईट. धुक्यात दाणाच पाहिजे."

"मले शिकवू नको!"

"मले शिकवू नको!" मी त्यायच्याच आवाजात म्हणलं. काका हसले. रोल नेऊ देल्ला.

इतवारीत शेकोटीभोवती चार रिक्षावाले होते. कॅमेरा दिसला अन् चौघंही ताठ, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. मी एसटी कंडक्टरचा आवाज काढला, "चला, मागं सरका, मंधात उभं राहू नका!" सारे हसले अन् कॅमेरा विसरले. त्यातला एक म्हातारा पुन्हा हात शेकाले लागला. धूर, धुकं, सुरकुत्या. बारा फोटो, रोल खतम.

रोल मी धुतला. म्हाताऱ्याची प्रिंट काकांवर सोडून एका मुंजीले गेलो. दुसऱ्या दिवशी त्यायनं बंद लिफाफा देल्ला. तो संपादकांनं उघडला.

"ह्या म्हाताऱ्याले पावडर कोणं लावली?"

चेहऱ्यावर एक सुरकुती नाही! काकांनं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली होती, नवरीचे मुरूम घालवतात तशी. पेन्सिल लागली की प्रिंटमध्ये तेवढा भाग गोरा होते.

"एक तास द्या, साहेब."

"अर्धा. कव्हर छापाले जाऊन राहिलं."

सायकल हाणत स्टुडिओत आलो.

"काका, हे काय केलं जी?"

"अरे, किती खरबरीत चेहरा! साफ केला. गिऱ्हाईक खूश होते."

"गिऱ्हाईक तो म्हातारा नाही ना!"

काकांनं निगेटिव्ह उजेडासमोर धरली. मग कापसावर टर्पेंटाइन घेऊन त्यायनंच पेन्सिल पुसली. त्यायच्याइतका हलका हात माझा नाही. मी प्रिंट काढली, ओलीच नेली.

संपादकांनं ती दोन बोटांत धरली. "हं. आता थंडी वाजली."

कव्हर लागलं, दर आठवड्याचं कामही. तेव्हापासून निगेटिव्हच्या पाकिटावर मी ठळक लिहितो: सुरकुत्या मुद्दाम घेतल्या आहेत, राहू द्या.