जपानला गेलेली ढोलकी

माझ्यासारख्याने आठवण लिहावी का, कळत नाही. चुकलं तर माफ करा. ढोलकीच्या चामड्याचा वास आला की अमेरिकेत एडिसन गावातलं, आम्ही सराव करायचो ते गार गॅरेज आठवतं. आमचा कॉलेजचा बँड जपानमधल्या अमेरिकन तळावर सैनिकांसमोर वाजवायला जाणार होता. माझ्या व्हिसाची मुदत संपली होती. शिक्षण होईपर्यंत राहता येत होतं, पण देशाबाहेर गेलो तर परत येण्याची खात्री नव्हती, आणि घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. "माझं ढोलकीचं गाणं कॅन्सल करा," मी म्हणालो. इथेच वाढलेला आमचा ड्रमर म्हणाला, "कॅन्सल काय यार, मला शिकव!" ढोलकीला हात लावण्याआधी मी नेहमी बूट काढायचो, तसेच काढून त्याची बोटं सुजेपर्यंत शिकवलं. मग ते गेले, आणि बरेच दिवस काहीच कळलं नाही. शेवटी त्याचा फोन आला: "गाणं झालं! वाजवण्याआधी मी तुझ्यासारखे बूट काढले, तर पुढच्या रांगेतले सैनिकही बूट काढायला लागले."