नदीपलीकडे ऐकू आलेला भोंगा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. हे कोणाला दाखवायचं नव्हतं, घरीच लिहून ठेवत होते. भुताखेतावर माझा विश्वास नव्हता. सरपणाला जंगलात जाताना वाघाची भीती असते, तिथे भुताला कोण विचारतं...

आमचं गाव वरोऱ्याकडे, नदीकाठी. गावात टॉकीज होती. लग्न होऊन मी आले तेव्हा माझे मालक तिथे सिनेमाची मशीन चालवायचे. शोच्या आधी ते छपरावरच्या भोंग्यावर एका भजनाची तबकडी लावत. नदीपलीकडचे लोक ते ऐकूनच घरून निघत. भजन संपेपर्यंत त्यांचा डोंगा अलीकडे लागायचा. पुढे टॉकीज बंद पडली. मग मालकही तापानं गेले.

टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती. तिथे हसा, रडा, कोणी बघत नसे. गावात बायकांना अशी दुसरी जागा नाही. म्हणून बचत गटाच्या बैठकीत, कधी तोंड न उघडणारी मी, बोलून गेले — आपण टॉकीज चालवायला घेऊ. बायकांनी ऐकलं. गटाच्या नावावर बँकेचं कर्ज काढलं, नवीन मशीन आणली, खुर्च्या दुरुस्त केल्या.

आणि कोणी आलंच नाही. पहिले काही दिवस पोरं आली, मग तीही मोबाईलवर परत गेली. हप्ता मात्र चुकत नव्हता. बायका दुसऱ्याच्या वावरात निंदन करून तो भरत होत्या. नळावर गटातली सरूबाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "शोभाले पिच्चर पाह्याचा होता, म्हून आमी कंबर मोडून राह्यलो." मी घागर रिकामीच घेऊन आले. घास उतरत नव्हता. विहिरीत वाकलं की वर यावंसं वाटत नसे — खरं तेच लिहिते.

शेवटी ठरलं, शुक्रवारचा एक शो करायचा आणि मशीन विकून टाकायची. त्या संध्याकाळी मी तिकिटाच्या खिडकीत बसले होते. आत चार-पाच माणसं. गटाच्या अध्यक्ष विमलबाई हातात कुलूप घेऊनच आल्या होत्या.

तेवढ्यात नदीकडून माणसं येताना दिसली. बायका, लेकरं, म्हातारे. पुढे मासोळ्या धरणारे किसनभाऊ, पाय चिखलानं भरलेले.

"तिकीट दे बाई. जाळं तसंच टाकून आलो."

"पण भाऊ, तुमाले सांगतलं कोनं?"

"कोनं म्हंजे? भोंगा वाजला नाई का."

विमलबाई म्हणाल्या, "कायचा भोंगा? त्याचा वायर वांदरानं कवाच तोडला."

"मंग आमी सारे भयरे का व?" मागची एक बाई हसली. "तेच भजन होतं. मी भात अर्धा शिजलेला उतरवला."

किसनभाऊ म्हणाले, "मधात अटकलं बी. मंग कोनं तरी टिचकी मारली, तवा पुढं चाललं."

ती तबकडी नेहमी एकाच ठिकाणी अडकायची, आणि मालक तिला टिचकीच मारत.

विमलबाईंनी शिडी लावून वर पाहिलं. भोंग्याच्या तोंडात गांधीलमाशीचं वाळकं घर. वायर नाही. तबकडी आणि ती वाजवायची पेटी तर भंगारात गेलेली. देवळातला माईक बंद होता. कोणी मोबाईलवर लावलं असेल, तर तेवढा आवाज नदी ओलांडून कसा जाईल? आणि टॉकीजमध्येच बसलेल्या आम्हाला काहीच कसं ऐकू आलं नाही?

त्या दिवशी बायकांची बाजू भरली. कुलूप लागलं नाही. पलीकडच्या बायका पुढच्या शुक्रवारी भोंग्याशिवाय आल्या, मग येतच राहिल्या. त्यांच्यामागं आमच्या गावच्याही आल्या. सरूबाई पण येते, जागा धरून ठेवते.

मी मात्र कितीदा तरी डोंग्यातून पलीकडे गेले. किसनभाऊच्या अंगणात शोच्या वेळेपर्यंत बसले, कान देऊन. "आज नाई वाजत बाई," ते म्हणायचे, "तू चाय पी." पलीकडच्या सगळ्या गावाला ऐकू आला, मला एकदा तरी यावा... एवढंच मागत होते. नाही आला. का वाजला, कोणी वाजवला, मला अजून सांगता येत नाही.

काल बँकेत शेवटचा हप्ता भरला. कर्ज पूर्ण फिटलं, एक रुपया बाकी नाही. विमलबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभी राहिले. आता आमच्यावर काही संकटच उरलं नाही, तर तो भोंगा कशासाठी वाजेल?