पयलं

एकोणऐंशी सालच्या माघातली सकाळ. वडगावात कोरडा गार वारा सुटलेला, आणि असल्या वाऱ्यात सूत लई तुटतं. तानीबाई मागाच्या कांड्या भरत होती. उजवं कोपर सरळ होत नव्हतं, म्हणून रहाट डाव्या हातानं.

कोर्टाचा साहेब उंबऱ्यात येऊन बसला. तानीबाईचा नवरा भरमा यानं मागावरचा धोटा फेकून तिचं कपाळ फोडलेलं. लोखंडी टोक लागून सात टाके. गुन्हा शाबीत झाला होता. पण पहिलाच असला तर तुरुंग टळतो, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतात. साहेब त्याच चौकशीला आलेला. धारवाडकडचा कानडी माणूस, मराठी मोडकंतोडकं.

"बाई, ह्येनं पयलं मारला होता काय?"

भांडणात पहिला हात कुणाचा, असंच तानीबाईला वाटलं. खोटं तिला जमायचं नाही.

"न्हाय साहेब. पयलं मीच ढकललं."

साहेबानं लिहिलं, पूर्वी मारहाण नाही, आणि वाट धरली.

शेजारची शेवंताआक्का भिंतीआडून ऐकत होती. "अगं येडे, त्यो कानडीतलं 'मोदलु' इचारत हुता! आदी कवा मारलंय का म्हणून!"

तानीबाई हातातल्या कांडीसकट धावली. सूत मागं फरफटत.

"साहेब, आदीचं म्हणाल तर ह्ये कोपर बघा. नागपंचमीचं. त्येच्या आदी पोटुशी हुते तवाबी."

"पोलिसात सांगितला होता?"

"न्हाय. पोलिसात ह्या टायमालाच गेलते."

"मग कायद्याला हा पयलाच की, बाई."

"व्हय? आन् माज्या हाडाला कितवा?"

साहेबानं सायकल उभी केली. मग सीटवर कागद ठेवून त्यानं लिहिलेली ओळ खोडली आणि वर कानडीत बरंच काही लिहिलं.

"काय लिवलासा?"

"तुमी सांगितला तेवढं."

कोर्टानं ते वाचलं. आधीची शिक्षा कुठं नोंद नव्हती, म्हणून भरमा सुटलाच. पण दोन वर्षांची हमी, महिन्याला साहेबापुढं हजेरी, आणि पुन्हा हात उचलला तर ह्याच गुन्ह्याची शिक्षा.

घरी येऊन भरमा मागावर बसला. म्हणाला, "माजं आदलं कशाला काडलंस गं?"

"तुमचं कुटलं? माज्या अंगावरचं हाय त्ये."

तो माग चालवू लागला. रहाटावरचं सूत तुटलं. तानीबाईनं टोकं थुंकीनं ओली करून गाठ मारली आणि कांडी पुढं भरायला घेतली.